चौक्यावरचा पोचा

…पोचा खालच्या अंगाला होता, बोटाचं टोक जेमतेम मावेल एवढा, आणि खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन नेमकं त्याच्या काठाशी येऊन थांबलं होतं. शांभवीनं डबी जराशी फिरवली. आता तळाशी पडलेली बारीक मुरड दिसली — आणि त्या मुरडीच्या टोकाला झाकणाची कड, आत दबून, दुसऱ्या कडेखाली अडकून बसलेली. नखानं ढोसून ती सुटण्यासारखी नव्हती. तरी तिनं ढोसलं, नेहमीसारखं, आणि नेहमीसारखंच नख दुखलं.

अप्पांचा चौका होता तो. गळ्यातल्या इष्टलिंगाची ही चांदीची डबी, आंब्याच्या कोयीएवढी, दोन्ही टोकांना घुंड्या असलेली. घरात सगळे तिला चौकाच म्हणायचे. अप्पा म्हणजे तिचे वडील, बसलिंगाप्पा, मार्केट यार्डात गुळाचा व्यापार करता करता म्हातारे झाले, पण ही डबी त्यांच्या छातीवरून कधी उतरलेली तिनं पाहिली नव्हती. आंघोळ झाली की ते पाटावर बसायचे, झाकण सरकवून काळं गुळगुळीत लिंग डाव्या तळहातावर घ्यायचे, आणि तेवढा वेळ घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मग लिंग पुन्हा कापडात, कापड डबीत, डबी छातीवर. माणूस गेला की तेच लिंग त्याच्या तळहातावर ठेवून त्याला माती देतात. जन्मभर जे अंगावर होतं ते शेवटी हातात घेऊन माणूस जातो, आणि डबी तेवढी घरी राहते. रिकामी. म्हणजे रिकामीच असायला हवी…

"आज गुजरीत सोनाराकडं जायाचं हाय, ध्यानात हाय न्हवं?" स्वयंपाकघरातून अव्वाचा, म्हणजे आईचा, आवाज आला.

"हाय."

"म्हांतेश काल बी म्हणला, नवाच घ्या म्हणून. मी म्हणलं, आज्ज्याचा चौका असताना नवा कशाला? पोराच्या गळ्यात आज्ज्याचाच घालायचा."

पोरगा म्हणजे महांतेशचा मुलगा. पुढच्या आठवड्यात मठात त्याची लिंगदीक्षा होती. महांतेश, शांभवीचा धाकटा भाऊ, कबनूरला माग चालवायचा. बायको-मुलासह तिकडंच राहायचा आणि रोज दुपारी न चुकता आईला फोन करायचा. इकडं मंगळवार पेठेतल्या घरात अव्वा आणि ती, दोघीच. लग्नाचा विषय कधीच मागं पडलेला, आणि तो मागं पडल्याचं आता कुणाला फारसं वाईटही वाटेनासं झालेलं.

तिनं चौका रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. त्याचं वजन पर्सला जाणवणार नव्हतं. तिला मात्र ते खांद्यावर स्पष्ट जाणवलं, आणि ते किती आहे याचा अंदाज बांधायला तिच्या मनानं लगेच सुरुवात केली तशी तिनं त्याला तिथंच अडवलं. या एका बाबतीत तिनं आपल्या मनाला बरंच वळण लावलं होतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत संगणक रात्रभर चालू राहिला होता. पडद्यावर तिचा धातू होता: षटकोनी-पंचकोनी कण, निरनिराळ्या रंगांचे, एकमेकांना खेटून बसलेले, आणि डावीकडून कुणीतरी सावकाश दाबत असल्यासारखे एकेक करून रंग बदलणारे. गेली कितीतरी वर्षं ती हेच करत होती. धातू वाकतो आणि मग वाकलेलाच राहतो — तो का राहतो, कसा राहतो, हे गणितात उतरवायचं. घरी कुणी विचारलं तर ती सांगायची की पातेलं पडलं की पोचा पडतो ना, त्याचं गणित. लोक हसायचे, आणि तीही हसायची, कारण ते खरंच होतं. थोडासा दाब दिला तर धातू सोडल्यावर पूर्ववत होतो, एका मर्यादेपलीकडं दिला की नाही होत. थोडं मागं येतो, उरलेलं तसंच राहतं. पण त्या उरलेल्याच्या आत गेलं की एकाखाली एक तळघरं लागतात. वरून दिसतो तो एक पोचा. खाली, सूक्ष्मदर्शकाखाली, तेच कण ताणलेले, फिरलेले. आणखी खाली, कणाच्याही आत, अणूंच्या रांगा एकमेकींवरून घसरलेल्या. सगळी रांग एकदम नाही घसरत — लग्नाच्या मांडवातलं मोठं जाजम सरकवायचं असलं की त्याला एका टोकाला सुरकुती पाडून ती पायानं पुढं ढकलत नेतात, तशी एकेक सुरकुती धातूतून पुढं जाते, दुसऱ्या सुरकुतीला अडते, तिच्यावर तिसरी येऊन थांबते… आणि इतक्या सुरकुत्या एकमेकींत अडकल्या की धातू कडक होतो. मग तो सहजी वाकत नाही.

हे सगळं एका गणितात मावत नाही. म्हणून खालचा मजला आधी सोडवायचा, त्याची सरासरी काढायची, ती वरच्या मजल्याला द्यायची. वरच्याची सरासरी त्याच्या वर. प्रत्येक मजला चढताना खालचं बरंचसं टाकून द्यावं लागतं. सुरुवातीला हे टाकून देणं तिला मोठ्या हुशारीचं वाटायचं. आता तिच्या शोधनिबंधावर कुणा अनोळखी परीक्षकानं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं: तुमच्या नमुन्यात आधी दाबून मग पिळलं काय, किंवा आधी पिळून मग दाबलं काय, उत्तर एकच येतं; घटनांचा क्रम तुमच्या गणितात वर पोचतच नाही. हे वाचून ती दोन दिवस चिडचिड करत होती. अव्वा म्हणालीसुद्धा, कुणावर एवढी फणफणतीयास म्हणून.

क्रम. आधी काय झालं, नंतर काय झालं…

"मॅडम, एक विचारू?" क्रांती दारात उभी होती. पदव्युत्तरच्या शेवटच्या वर्षाची, तिच्याच हाताखाली काम करणारी मुलगी. प्रश्न विचारायच्या आधी नेहमी परवानगी मागणारी आणि मग नको तोच प्रश्न विचारणारी. "नुसता पोचा बघून तो कसा पडला, हे उलटं काढता येतंय का हो?"

"कधी कधी येतं."

"म्हणजे कधी?"

"आत काय होतं ते माहीत असेल तर." शांभवी पडद्याकडं बघत म्हणाली. "पोकळ वस्तूला पोचा वेगळा पडतो, भरलेल्या वस्तूला वेगळा. ते माहीत नसेल तर मग तोच आकार दहा वाटांनी येऊ शकतो."

"मग कापूनच बघायचं की."

"हो," ती म्हणाली. "कापून बघायचं."

क्रांती वहीत काहीतरी लिहून गेली. शांभवी तशीच बसून राहिली, हात मांडीवरच्या पर्सवर.

…तो मे महिना. दुसऱ्या लाटेतला. आधी अप्पांना ताप आला, मग तिला, मग अव्वाला. अप्पांचा श्वास लागला तेव्हा महांतेश कबनूरहून गाडी घेऊन आला आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. जिना उतरताना अप्पांनी चौका सदऱ्याच्या आत सारला, तेवढंच तिनं वरून पाहिलं. दोघी घरात कोंडलेल्या. खालून कुणीतरी डबा ठेवून जायचं. सहाव्या की सातव्या दिवशी — तिला आठवत नाही, तापात दिवसांची गल्लत झाली होती — सकाळी महांतेशचा फोन आला, आणि तो काही बोलायच्या आधीच अव्वानं फोन तिच्या हातात दिला. माती द्यायला तो एकटाच होता. दवाखान्याची चार माणसं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले अप्पा, आणि तो. बसवून माती देतात आमच्यात, पद्मासनात. तसं काही करू दिलं नाही. पंधरा दिवसांनी तो घरी आला तो दारातच खाली बसला आणि अव्वानं पहिला प्रश्न तोच विचारला: लिंग?

"माझ्या हातानं ठेवलं अव्वा," तो म्हणाला. "गुंडाळायच्या आधी मला आत सोडलं त्येंनी. डाव्या तळव्यावर ठिवलं आन मूठ मिटली मी."

अव्वा तेव्हा रडली. त्याच्या आधी रडली नव्हती. त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची की बसवता आलं न्हाय, पर माणूस लिंग घिऊन गेला. आणि हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे येई ते बघून शांभवीला वाटे, चला, एवढं तरी झालं.

दवाखान्यानं दिलेली पिशवी तो घेऊन आला होता. चष्मा, मोबाईल, कवळी, आणि चौका. दोरा कात्रीनं कापलेला. गाठ तशीच. आणि हा पोचा.

पोचा आधी पडला की नंतर? कुणीही तिला विचारलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं — धंदाच तो. लिंग काढल्यावर रिकामी डबी कुठं पडली असेल, कुणाचा पाय पडला असेल, खाटेच्या कडेत सापडली असेल, तर काही प्रश्नच नाही. पण पोचा आधीचा असेल… रुग्णवाहिकेतला, स्ट्रेचरवरचा, अप्पा जिवंत असतानाचा… तर झाकण तेव्हाच अडकलं होतं. मग महांतेशनं ते उघडलं कसं? आणि उघडलं नसेल तर त्यानं मूठ मिटली ती कशावर? एक पोचा, आणि दोन घटनांचा क्रम. बास एवढंच. एवढ्यावर महांतेशचं ते वाक्य उभं होतं आणि त्या वाक्यावर अव्वा उभी होती.

मी त्याला विचारलं नाही. एकदा विचारणार होते, दिवाळीत, तो गच्चीवर एकटा होता. मी गेले, आणि त्यानं मला बघून पोराला हाक मारली, जणू पोरगा तिथंच बाजूला उभा असावा. मग मी विचारलं नाही. पण तेव्हापासून त्याच्याशी बोलताना आपला आवाज थोडा वरून येतो हे तिला कळायचं. मागाचं कसं चाललंय, म्हणून विचारायची ती, आणि तो दोन शब्दांत उत्तर द्यायचा. भाऊ खोटं बोलला असेल, ह्याचा राग. आणि त्या रागाखाली, मजला उतरून गेलं तर, एक बारीकसा अभिमान — की हे फक्त मला ठाऊक आहे आणि मी ते अव्वापर्यंत जाऊ देत नाही. घरात कुणीतरी शहाणं असावं लागतं. ते मी आहे.

एकदा दुपारी अव्वा झोपल्यावर तिनं कपाटातून चौका काढून त्याची मापं घेतली होती. पत्र्याची जाडी, पोच्याची खोली, काठाची गोलाई. प्रयोगशाळेत संगणकावर डबी उभी केली, एक पोकळ, एक आत दगड असलेली. दोन्हींवर सारखाच दाब लावला की कुठला पोचा या पोच्यासारखा पडतो ते दिसणार होतं. बटण दाबायचं तेवढं राहिलं. तिनं पडद्यावरची खिडकी बंद केली, आणि मग ती फाईलही पुसली, आणि घरी येताना वाटेत अव्वासाठी खाजा घेतला, जो अव्वाला चावताही येत नव्हता. प्रयोगशाळेतला वजनाचा काटा तर तिच्या टेबलापासून चार पावलांवर होता. नुसतं ठेवायचं. त्यालाही तिनं इतकी वर्षं हात लावला नव्हता. जाणून घेणं हाच जिचा धंदा, तिनं न जाणण्याचं एवढं मोठं काम अंगावर घेतलं होतं, आणि ते ती नेकीनं करत आली होती.

तीनला ती घरी आली. अव्वा — रत्नव्वा, पण हे नाव आता रेशनकार्डावरच उरलेलं — इरकल नेसून, कपाळाला भस्म लावून तयार बसली होती. रिक्षानं दोघी महाद्वार रोडच्या तोंडापर्यंत गेल्या आणि पुढं चालत. अव्वाचे गुडघे दुखत होते. दर दहा पावलांवर ती कुठल्यातरी दुकानातलं काहीतरी बघायला थांबायची, म्हणजे थांबल्याचं कुणाला कळू नये. शांभवीही थांबायची. मनात ती पुन्हा पुन्हा तेच जुळवत होती — आकाराम सोनाराला आधी एकटीनं गाठायचं, अव्वाला बाहेर बाकावर बसवायचं, डबी उघडली की आत काहीही असो, ती आधी आपण बघायची, आणि मग अव्वाला रिकामी दाखवायची. कसंही करून रिकामीच दाखवायची. जे निघेल ते पर्समध्ये घालायचं. पुढचं पुढं.

आकाराम मूळचा हुपरीचा, गुजरीत एका बोळाच्या आत त्याचं जेमतेम चार माणसांचं दुकान, अप्पांच्या वेळेपासूनचा. बाहेर बाक नव्हताच. अव्वा सरळ आत जाऊन गादीवर बसली.

"या मावशी. लई दिसांनी. मालक गेल्यापासनं पायरी चढली न्हाईसा."

"कशाला चढायची, काय हाय आता?" अव्वा म्हणाली, आणि शांभवीकडं हात केला. शांभवीनं रुमाल सोडला.

आकारामनं डबी दिव्याखाली धरली, चष्मा कपाळावर सरकवला, अंगठ्यानं पोचा चाचपला. झाकणाला एक बारीक पट्टी लावून बघितली. पट्टी आत गेली नाही.

"कड गुंतलीया," तो म्हणाला. "काय अवघड न्हाय. जरा तापवतो, चांदी मऊ पडली की आपोआप सैल सुटंल. मग आतनं टिपरी लावून पोचा काढतो. कळणार बी न्हाय हिथं काय हुतं म्हणून." त्यानं गॅसची नळी जवळ ओढली, आणि थांबला. "रिकामी हाय न्हवं?"

"का?" शांभवीनं विचारलं. का ते तिला ठाऊक होतं.

"आत लिंग असलं तर तापवून चालत न्हाय मॅडम. त्येच्यावरचा काळा लेप वितळतोय, समदं वाटुळं हुतंय. मग गारच कापावी लागंल. कापली की डबी गेली, नवीच करायची. म्हणून आदी इच्यारतो. रिकामी, का भरलेली?"

किती साधा प्रश्न. इतकी वर्षं घरात एकाही माणसानं हा प्रश्न तोंडातून काढला नव्हता आणि इथं तो गॅसच्या नळीशेजारी पडला होता, उत्तराची वाट बघत. रिकामी म्हणावं तर महांतेशच्या वाक्याला मान दिल्यासारखं होईल, नळी पेटेल, चांदी लालसर होईल — आतल्या सगळ्या गुंतलेल्या सुरकुत्या सुटतील, नवे कण धरतील, आपल्याला कधी काही लागलं होतं हे त्या चांदीला आठवणारसुद्धा नाही — आणि आत जर अप्पांचं लिंग असेल तर ते माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या एका शब्दानं… भरलेली म्हणावं, नुसतं 'कापाच, असू दे' म्हणावं, तरी अव्वाला कळेल. का कापा? तुझा भावावर विश्वास न्हाय? आणि मग कापल्यावर… वजन, हो, वजन, आकारामच्या मनातही तेच आलं असावं, कारण तो म्हणाला, "थांबा, काट्यावर टाकतो की. रिकामी केवढी भरती आन भरलेली केवढी, मला ठावं हाय. लगीच कळंल."

त्यानं काट्याचं काचेचं दार सरकवलं.

अव्वाचा हात पुढं आला. बांगड्या वाजल्या तेवढ्याच. तिनं आकारामच्या हातातून डबी काढून घेतली, हिसकून नाही, लेकराच्या हातातली वस्तू घ्यावी तशी, आणि दोन्ही तळव्यांत झाकून मांडीवर ठेवली.

"रिकामीच हाय," ती म्हणाली. "माझ्या पोरानं सोताच्या हातानं लिंग ठिवलंय त्येंच्या तळव्यावर."

"मग झालं की. तापवतो."

"तापवू नका."

आकारामनं शांभवीकडं बघितलं. "रिकामी हाय तर तापवाय काय हुतंय मावशी?"

"तापवायची न्हाय म्हणलं न्हवं."

"मग कापू?"

"कापायची बी न्हाय."

"आवं, मग आलाय कशाला?" आकाराम वैतागून म्हणाला, पण त्याचा आवाज मध्येच खाली आला.

"नातवाला नवा चौका दाखवा," अव्वा म्हणाली. "बारका. हलका असला तरी चालंल. पोरगं हाय, खेळतंय."

त्यानं ट्रे काढला. अव्वानं एका हातानं तीन-चार डब्या बघितल्या, झाकणं उघडमीट केली, एकीची घुंडी धारेची आहे म्हणून बाजूला ठेवली, मजुरीवरून थोडी घासाघीसही केली. दुसरा हात मांडीवर तसाच होता. शांभवी बघत होती. तिला आपल्या चेहऱ्याचं काय करावं ते कळत नव्हतं. रिकामी आहे, पण तापवू नका… हे वाक्य तिच्या डोक्यात नीट बसेना. ती ते फिरवून फिरवून बघत होती. ज्या बाईपासून इतकी वर्षं मी लपवलं… कपाटाच्या ज्या कप्प्यात चौका असायचा त्याची किल्ली कुणाच्या कमरेला होती? दर सोमवारी तो काढून, पुसून, भस्म लावून कोण ठेवत होतं? जन्मभर ज्या हातांनी ती डबी घासली, भरलेलीही आणि अप्पा पूजेला बसले असताना रिकामीही, त्या हातांना काटा कशाला लागेल? आणि मी चार पावलांवरच्या काट्याला हात न लावण्याचं कौतुक करत बसले होते, माझं मीच.

बाहेर आल्यावर अव्वा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. या वेळी तिनं काही बघण्याचं निमित्त केलं नाही.

"अव्वा…"

"म्हांतेशला इच्यारायचं न्हाय काय," अव्वा म्हणाली. "कवाच."

"तुला कधीपासून…"

"न्हाय इच्यारायचं. लई बारकं तोंड झालं हुतं त्येचं त्या दिशी. तू हुतीस की तिथंच. बघितलं न्हाईस?"

शांभवीनं बघितलं नव्हतं. तिनं गाठ बघितली होती, कापलेला दोरा बघितला होता, पोचा बघितला होता. दारात खाली बसलेल्या भावाचा चेहरा कसा होता हे आता आठवायला गेलं तर तिथं काहीच नव्हतं, नुसती एक जागा. त्याला त्यांनी आत सोडलं असेल का? सोडलं असेल आणि झाकण उघडलं नसेल. नखं तुटेस्तोवर त्यानं ओढलं असेल, आणि बाजूला माणसं चला चला म्हणत उभी… की सोडलंच नसेल… की खरंच ठेवलं असेल, खरंच, आणि आम्ही दोघी इतकी वर्षं त्या पोरावर… तिला पहिल्यांदाच या तिन्हींतलं काहीही खरं असू शकेल असं वाटलं, आणि तिन्ही सारखीच वाईट वाटली.

अव्वाच्या पिशवीतला फोन वाजला. रोजचा दुपारचा फोन, आज उशिरा. अव्वानं नवी डबी पिशवीत टाकली, जुनी मुठीत तशीच धरून फोन कानाला लावला.

"ऊटा माडिदि?" तिनं विचारलं. जेवलास का. फोनवर त्याच्याशी ती कन्नडमध्येच बोलायची. रोज पहिलं वाक्य हेच असायचं, अगदी याच आवाजात, आणि सुट्टीच्या दिवशी घरी असताना शांभवीनं ते कितीदा ऐकलं होतं; दुपारी तीन-चारला कसलं जेवण विचारते ही, म्हणून कधी कधी हसलीही होती. आज ते तिच्या कानात वेगळंच उतरलं. तिकडून मागाचा खडखडाट ऐकू येत होता. मग तो कमी झाला. तो शेडच्या बाहेर आला असावा.

अव्वा बोलत होती. नवा घेतला, बारकाच, पोराला शोभेल असा. मग थोडं थांबून म्हणाली, की जुना राहू दे माझ्यापाशी. मी जाईन तेव्हा माझ्या हातात माझं लिंग ठेवाल, दुसऱ्या हातात हा चौका ठेव. तूच ठेव. उघडला नाही रे, असाच आहे.

फोन कानाशी धरून ती समोरच्या भिंतीकडं बघत बसली, मधूनच हं म्हणत, पुन्हा हं. तो बोलत होता की रडत होता की नुसता गप्प उभा होता, हे शांभवीला ऐकू येत नव्हतं, आणि ऐकावं असं वाटतही नव्हतं. लोक जात-येत होते. एकीनं अव्वाला विचारलंही, बरं वाटत न्हाय का मावशी, आणि अव्वानं हातानंच, बरं हाय, म्हणून सांगितलं.

ह्या दोघांचं काहीतरी होतं, इतकी वर्षं, रोज दुपारी; एकानंही न बोललेलं आणि दोघांनाही पुरलेलं. त्यात आपण कुठंच नव्हतो. घरातलं शहाणं माणूस म्हणून आपण राखण करत बसलो होतो ती एका मोकळ्या जागेची… तिला त्याचा राग आणता आला नाही. राग नेहमी जिथं असायचा तिथं तिनं बघितलं, आणि तिथं अप्पा होते. जिना उतरणारे, सदरा सारखा करणारे, मागं वळून न बघणारे. ती इतकी वर्षं त्या डबीचं काय झालं हे शोधत होती, आधी की नंतर, पोकळ की भरलेली, आणि त्या सगळ्या काळात अप्पा गेल्याचं तिला नीट वाटलंच नव्हतं. ते राहूनच गेलं होतं. त्यांच्यासाठी मी रडले कधी? तापात रडले, थकून रडले. अप्पांसाठी नाही.

आता ते सगळं एकदमच आलं, भर बाजारात, काही टाकून न देता. तो दवाखाना तिनं कधी पाहिला नव्हता, तरी ती खाट तिला दिसली. त्यांना श्वास लागलेला, आजूबाजूला तोंडं झाकलेली परकी माणसं, आणि अप्पांचा हात छातीवर डबी चाचपणारा. लिंग हातात होतं की नव्हतं, ते असो. कुणाचाच हात हातात नव्हता. ते एकटे गेले. मी नव्हते तिथं, अव्वा नव्हती, महांतेशही काचेच्या पलीकडं होता, आणि ते एकटेच गेले.

शांभवी पायरीवर अव्वाशेजारी बसली. तिनं आवाज येऊ दिला नाही. अव्वानं फोन तसाच कानाशी ठेवून जरा सरकून तिला जागा करून दिली.